भाव मोठ्यानं सांगा

सगुणावहिनी गेल्याची बातमी मला मालगाडीच्या गार्डनं सांगितली. त्या दिवशी कामानिमित्त मी लोणावळ्याला गेलो होतो, मालधक्क्यावर पार्सलांच्या चिठ्ठ्या तपासत उभा होतो. दुपारची वेळ. गाडी घाट चढून आली, गार्ड खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "तुमच्या वहिनी गेल्या हो. सकाळी. दुकानातच." मी त्याला विचारलं, "कुठल्या वहिनी?" मला काय दहा-बारा वहिनी आहेत? एकच होती. पण माणूस असं काहीतरी वेडगळ बोलतो अशा वेळी... कर्जतला पोचेपर्यंत कळलं ते एवढंच. रोजच्यासारखं दुकान उघडलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, छातीत कळ आली म्हणून तांदळाच्या पोत्याला टेकून बसल्या, आणि उठल्याच नाहीत.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत माझ्या कानावर वहिनींचं इतकं कौतुक आलंय की कान किटले. "फार धीराची बाई." "पेठेचं भूषण." "आम्ही तर त्यांना आईच्या ठिकाणी मानायचो." ज्यांनी वीस वर्षांपूर्वी त्यांना बघून नाकं मुरडली, तीच ही मंडळी. डोळ्याला उपरण्याचं टोक लावून बोलत होती. मी तेव्हा मान हलवली, चहा दिला, पायरीपर्यंत पोचवायलाही गेलो. पण आतून असा संताप होत होता म्हणून सांगू! म्हणून लिहायला बसलो. वाचकांनी मला माफ करावं, मी काही लेखक नाही. जन्म रेल्वेच्या पावत्या लिहिण्यात गेला. पण सगुणावहिनी कोण होती ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा थोरला भाऊ महायुद्ध संपलं त्या वर्षीच्या तापाच्या साथीत गेला. तीन दिवसांत खेळ आटोपला. मागे राहिल्या वहिनी, तीन वर्षांची इंदू आणि स्टेशनकडून पेठेत शिरताना डाव्या हाताला लागणारं किराणामालाचं दुकान. दुकान कसलं, दोन फळ्यांची खोलीच ती. पण गिऱ्हाईक बांधलेलं होतं. रेल्वेच्या चाळीतली माणसं, आसपासच्या गावांतले शेतकरी, आणि बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणारे ठाकर. ही माणसं पहाटे वाडीवरून निघायची, मध, डिंक, हिरडा पेठेत विकायची आणि मीठ, मिरची, सुकट घेऊन परत चढायची. वहिनींचं माहेर खालापूरकडचं. दिवस झाल्यावर त्यांचा भाऊ गाडी जुंपून त्यांना न्यायला आला. सामान बांधायला लागला. वहिनी म्हणाल्या, "दादा, चार दिवस मी माहेरवाशीण असेन. पुढं जन्मभर तुझ्या बायकोच्या हाताखाली राबेन. इंदूचं लग्नही तुझ्या मर्जीनं होईल. मला नाही यायचं. दुकान आहे माझं." भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी तेव्हा कर्जतच्याच मालधक्क्यावर कारकून होतो, घरातला कर्ता पुरुष. खरं सांगतो, मलाही वाटत होतं की वहिनींनी जावं. लाज वाटते आज लिहिताना, पण वाटत होतं.

दुकान चालवायला माल लागतो. पेठेत एकच घाऊक व्यापारी होते. त्यांना सगळे नुसतं शेठ म्हणत. नाव लिहीत नाही, त्यांची मुलं अजून त्याच गल्लीत धंदा करतात. कर्जतच्या लहानसहान दुकानदारांना माल शेठच्या वखारीतून यायचा. दुकानदार स्वतः वखारीत जायचे, गोणी उलगडून बघायचे, चार शिव्या द्यायचे, चार खायचे आणि माल उचलायचे. बाईमाणसानं वखारीत जायची रीत नव्हती. वहिनी चिठ्ठी पाठवायच्या आणि हमाल माल आणून टाकायचा. मग शेठनं काय करावं? वखारीच्या तळाशी जे उरेल ते वहिनींकडे. ओल लागलेली साखर, टोके झालेली डाळ, जिऱ्यात खडे, आणि मीठ तर असं की पाण्यात टाकलं तर भांड्याच्या बुडाला चिखल बसायचा. भाव मात्र सगळ्यांपेक्षा चढा. मी एकदा भीतभीत बोललो, तर शेठ हसून म्हणाले, "अहो, त्यांचं दुकान ते किती दिवस! आम्ही आपलं उपकार म्हणून देतोय."

हे सगळं वहिनींनी वर्षभर सोसलं. मग एका बाजाराला एक ठाकरीण आली. मागच्या वेळी नेलेलं मीठ तिनं फडक्यात बांधून परत आणलं होतं. दुकानासमोर दहा माणसं उभी असताना तिनं ते फळीवर ओतलं. "सगुणाबाय, हे बघ. हे मीठ नाय, माती हाय. आमी डोंगरातली म्हणून काय माती खायाची?" वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ते मीठ स्वतःच्या जिभेवर ठेवलं, चावलं, कचकच आवाज आला. त्यांनी ते गिळलं. थुंकल्या नाहीत. तिला तिचे पैसे दिले, वर गुळाचा खडा दिला आणि दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. संध्याकाळी मी गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, मला शेठचा माल नको. दुसरा माणूस शोधा. नाहीतर हे दुकान मी स्वतःच्या हातानं बंद करीन आणि दादाकडं जाऊन भांडी घाशीन. पण माती विकणार नाही."

दुसरा माणूस म्हणजे पनवेल. बंदरावर मचवे लागायचे, मीठ, नारळ, सुकी मासळी, मसाले सगळं तिथं उतरायचं. कर्जतहून चौक गावावरून बैलगाडीनं एक दिवसाचा रस्ता. मी रजा काढून गेलो. मोठ्या वखारीत शिरलो, मीठ बघितलं. पांढरंशुभ्र. भाव विचारला. दलालानं काही न बोलता माझा उजवा हात धरला, वर आपला रुमाल टाकला आणि रुमालाखाली माझी चार बोटं दाबली. ही त्या धंद्यातली रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं धरून ठरवायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी रीत ऐकून होतो, पण हात कधी घातला नव्हता. विचारायची लाज वाटली. रेल्वेचा कोट अंगात ना! मला वाटलं, तो विचारतोय, चार गोणी हव्यात का. मला चारच हव्या होत्या. मीही खुशीत त्याची चार बोटं दाबली. त्यानं रुमाल उडवला आणि ओरडला, "झाला सौदा!" वखारीतली सगळी माणसं हसायला लागली. तो मला भाव सांगत होता. पहिला, सांगायचा म्हणून सांगतात तो चढा भाव. त्यावर माझ्या बाजूनं बोटं कमी करत करत खाली यायचं असतं. आणि मी गाढवानं तोच भाव मान्य करून टाकला. रुमालाखाली झालेला सौदा मोडता येत नाही. शेठपेक्षाही महाग मीठ घेऊन मी घरी आलो.

वहिनींना म्हणालो, भाव चांगला लागला. त्यांनी गोणी बघितली, मला बघितलं. म्हणाल्या, "किती पडलं ते बोला ना." बोललो. मग त्यांच्या तोंडून असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. भाऊ गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "भाऊजी, तुम्ही त्याची बोटं धरलीत की पाय?" मीही हसलो. पण हसू आवरल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. "पुढच्या मंगळवारी मी येते."

"वहिनी, तुम्ही परक्या पुरुषाच्या हातात हात देणार? रुमालाखाली? लोक तोंडात शेण घालतील."

"हात कशाला देऊ? तोंड आहे की मला."

मंगळवारी आम्ही निघालो. इंदू शेजारणीकडे ठेवली. पनवेलच्या पहिल्या वखारीत दलालानं माझ्यापुढं रुमाल धरला. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी एकदा धरला, पुरे झालं. माल मला घ्यायचाय. भाव मला सांगा, मोठ्यानं." दलालानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वेड्याच्या इस्पितळातून कुणाला सोडवून आणलंय. म्हणाला, बाईमाणसाशी सौदा करायचा कसा? दुसऱ्या ठिकाणी तर मालकानं पाठच फिरवली. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी मागून काहीतरी घाणेरडं बोललं, ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, "वहिनी, चला परत. शोभा झाली तेवढी बस्स." त्या माझ्यावर अशा उखडल्या! "शोभा कुणाची झाली? मी काय चोरी केली? मीठ मागतेय, मीठ! तुम्हाला जायचं तर गाडीत जाऊन बसा."

मी गाडीत जाऊन बसलो नाही, एवढंच माझं पुण्य.

चौथं दुकान बंदराच्या अगदी कडेला, लहानसं. कासमभाई म्हणून कोकणी मुसलमान होते, पन्नाशीचे, मेंदीनं लाल केलेली दाढी. पोत्यावर बसून विडी ओढत होते. त्यांच्याही खांद्यावर तो मेला रुमाल होताच. वहिनींनी तेच सांगितलं. कासमभाई म्हणाले, "बाय, भाव बोललो तर बाजूचा ऐकेल. उद्या जो तो येऊन त्याच भावानं मागंल. धंदा कसा करू मी?"

वहिनी म्हणाल्या, "मागू देत. मला ज्या भावानं देता तो चार माणसांत सांगायची चोरी वाटत असेल, तर कुणीतरी फसतंय. मी तरी, नाहीतर दुसरा कुणी तरी. मला फसायचं नाही आणि माझ्यापायी दुसऱ्यालाही फसवायचं नाही. मी एकटी बाई आहे, कासमभाई. लपूनछपून काही केलं तर लोक मला फाडून खातील. मला सगळं उघड्यावरच करावं लागतं."

कासमभाईंनी विडी विझवली. मग खांद्यावरचा रुमाल काढला, घडी केली, मांडीखाली ठेवला आणि भाव सांगितला. असा खणखणीत, की मचव्यावरचे खलाशी वळून बघायला लागले. वहिनींनी त्यांचा भाव सांगितला, तितक्याच मोठ्यानं. ते बोलले, या बोलल्या. हां हां म्हणता भोवती गर्दी जमली. हमाल, दलाल, मघाशी पाठ फिरवलेले मालक, सगळे. चार वेळा वरखाली होऊन सौदा ठरला तेव्हा एका म्हाताऱ्या हमालानं चक्क टाळी वाजवली. मग वहिनींनी पदर खोचला आणि गोणीच्या तळापर्यंत हात घालून मूठभर मीठ काढलं. कासमभाईंना ते लागलं. म्हणाले, "विश्वास नाय काय बाय?" वहिनी म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून तुमच्यासमोर बघतेय. नसता तर घरी जाऊन बघितलं असतं." यावर तो माणूस जो हसायला लागला!

त्यानंतर वीस वर्षं मीठ, मिरची, सुकट, नारळ, सगळं कासमभाईंकडून आलं. एकदाही तळाला माती निघाली नाही. एकदा मिरची दमट निघाली, तर वहिनींनी कळवायच्या आत त्यांनीच गाडीवानाबरोबर दुसरी गोणी पाठवली आणि निरोप दिला, "माझीच चूक, मी बघितली नव्हती." घाऊक व्यापाऱ्यात माणूस कसा ओळखावा, असं मला नंतर पुष्कळ दुकानदारांनी विचारलं. मी त्यांना हेच सांगत आलो, माल चांगला असताना सगळेच गोड बोलतात, माल बिघडल्यावर कोण आपणहून बोलतो ते बघा. आणि वहिनींनीही कधी कासमभाईंचा माल दुसऱ्याचा म्हणून विकला नाही की एका गिऱ्हाइकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा भाव लावला नाही. रेल्वेच्या साहेबाच्या बटलरला जो भाव, तोच ठाकरणीला. दारातूनच ओरडून सांगायच्या.

आता जे सांगायचं आजवर टाळत आलो ते सांगतो. पहिल्याच वर्षी शेठनं आपला माणूस पनवेलला कासमभाईंकडं पाठवला. कर्जतच्या त्या बाईला माल द्यायचा बंद करा, आम्ही तुमच्याकडून तिच्या दहापट उचलतो. कासमभाई लहान व्यापारी, त्यांना मोह पडला असता तर मी दोष दिला नसता. पुढच्या खेपेला त्यांनी वहिनींना माझ्यादेखत सांगितलं, "बाय, तुझ्या शेठचा माणूस आलेला. कानात बोलाया लागला. मी म्हटलं, कानात नको, मोठ्यानं बोल, सगळ्या बंदराला ऐकू जाऊ दे. तर पळाला, चप्पल टाकून पळाला!" आम्ही हसलो. पण परतीच्या वाटेवर, चौकला बैल सोडले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे कर्जतमध्ये पेठेत उभं राहून कुणीतरी बोललं पाहिजे. मी बोलले तर म्हणतील, बाई भांडखोर. तुम्ही बोला."

मी "बघू" म्हणालो. शेठचा निम्मा माल माझ्या मालधक्क्यावर उतरायचा. साहेबाकडं त्यांचं उठणंबसणं. माझी बदली करणं त्यांच्या हातचा मळ होता. मी बोललो नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही, हे आणखी वाईट. शेठ गेले तेव्हा मी खांदाही दिला. मी तेव्हा स्वतःची समजूत घातली की आता बोलून काय उपयोग, माणूस तर गेला.

वहिनींचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शेठचे थोरले चिरंजीव दोन व्यापाऱ्यांना घेऊन घरी आले. म्हणाले, "काकूंच्या मानासाठी येत्या बाजाराच्या दिवशी सबंध पेठ बंद ठेवायची ठरलंय. संध्याकाळी देवळात शोकसभा. तुम्ही दोन शब्द बोला." मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पेठ बंद म्हणजे केवढा मान! मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून इंदू आली. तिचं लग्न कर्जतमध्येच झालंय, गेली चार वर्षं आईबरोबर दुकानात तीच असते. तिनं विचारलं, "बाजाराच्याच दिवशी?"

"हो ना. त्यामुळं सगळ्यांना कळेल."

"आमचं दुकान उघडं राहील."

"अगं, तुझ्या आईसाठीच तर बंद ठेवतोय आम्ही!"

"डोंगरातली माणसं पहाटे निघतात. त्यांना कोण सांगायला गेलंय, पेठ बंद आहे म्हणून? रिकाम्या हातानं डोंगर चढायचा त्यांनी?" एवढं बोलून ती आत गेली. चिरंजीव माझ्याकडं बघायला लागले. मी उपरणं सारखं केलं.

बाजाराच्या दिवशी कर्जतच्या पेठेत दुतर्फा फळ्या लागलेल्या. एकच दुकान उघडं. सकाळी नवापासून जी रीघ लागली ती दिवस कलेपर्यंत. ठाकर, शेतकरी, चाळीतल्या बाया. मी कोट काढून ठेवला आणि पुड्या बांधायला बसलो. मधल्या बाजाराला न उतरलेल्या बऱ्याच जणांना वहिनी गेल्याचं तिथंच कळलं. कुणी डोकं धरून पायरीवर बसलं, कुणी इंदूच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग प्रत्येकानं आपापला माल घेतला. संध्याकाळी चिरंजीव स्वतः बोलवायला आले. धुतलेलं धोतर, हातात हार. दुकानासमोर पंचवीसएक माणसं उभी होती, त्यांच्या मागं ते उभे राहिले आणि म्हणाले, "चला, लोक खोळंबलेत. दोन शब्द बोलायचेत ना तुम्हाला?"

माझ्या हातात सुतळी होती. ती मी खाली ठेवली. उभा राहिलो.

"बोलायचेत," मी म्हणालो. "इथंच बोलतो." आणि मी बोललो. वखारीच्या तळाचा माल, मातीचं मीठ, पनवेलला पाठवलेला माणूस, दहापट मालाचं आमिष, आणि हे सगळं ठाऊक असून बदलीच्या भीतीनं वीस वर्षं तोंड शिवून बसलेला मी. काही राखून ठेवलं नाही. समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचा बिचाऱ्यांचा यात काय दोष, ते तेव्हा शाळेत असतील. तेही मी सांगून टाकलं, मोठ्यानंच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

रांगेत पुढं एक ठाकरीण उभी होती, म्हातारी, हातात रिकामी पिशवी. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"झालं का बोलून?" ती म्हणाली. "मग मिरची दे रं बाबा. मला डोंगर चढायचा हाय."